शिळी भाकरी चालंल?

"शिळी भाकरी चालंल?"

खोली बघायला गेले होते मी. खांद्याला बॅग, हातात फोडलेलं भडंगाचं पाकीट, आणि दारात हा माणूस. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कुठं तेही नाही. पाकिटाकडं एकदा बघितलं, माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि थेट हा प्रश्न! मला वाटलं, काय चिक्कू माणूस आहे. भाडेकरू उंबऱ्याच्या आत यायच्या आधीच घरातलं शिळंपाकं खपवायला निघालाय. मी म्हटलं, "नको, मला भूक नाही."

"मग हे काय खायलीयास?"

अठ्ठावीस वर्षांची घोडी मी, पण पाकीट पाठीमागं लपवलं. तेवढ्यात आतून त्यांची बायको ओरडली, "अवं, पोरीला आत तर येऊ द्या! दारातच परीक्षा घेता व्हय?"

पुढं तीन वर्षं मी त्या घराच्या माडीवर राहिले. कोल्हापुरात गंगावेशीच्या बाजूला एक अरुंद बोळ, त्यात त्यांचं घर. खाली चार म्हशींचा गोठा, वर माझी खोली. मी त्यांना मामा म्हणायचे आणि बायकोला मामी. मामांची उंची बेताची, अंगात बंडी, मिशा पांढऱ्याशुभ्र आणि आवाज असा की बोळाच्या त्या टोकाला कुणी झोपलं असलं तर दचकून उठावं. साधं "चा टाक" म्हणाले तरी भांडण चाललंय वाटायचं.

शिळ्या भाकरीचा उलगडा मला आठवडाभरानं झाला. मामांचा तो थर्मामीटर होता. घरात कुणीही अवेळी खायला मागितलं, की मामा विचारायचे, "शिळी भाकरी चालंल?" समोरचा "चालंल की" म्हणाला, की मामी त्याला गरम भाकरी करून वाढायची, वर दही, वर ठेचा, आणि पोट भरेपर्यंत उठू द्यायची नाही. उपाशी माणूस त्या दारातून कधी तसाच परत गेला नाही. पण समोरचा म्हणाला, "शिळी नको, काहीतरी चमचमीत असेल तर द्या," की मामा पाटावर ऐसपैस बसायचे आणि मिशीवरून हात फिरवायचे.

"ही भूक न्हाय मग. भुकेला शिळी बी चालती, कांदा फोडला की झालं. जिला भजीच पायजे, जिलेबीच पायजे, ती भूक न्हवं. दुसरंच कायतरी आलंय पोटात. त्या दुसऱ्याला वाढायचं न्हाय. त्याला इचारायचं, का आलाईस बाबा?"

हे कुठून शिकलात म्हणून मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "म्हशीकडनं." मला वाटलं थट्टा करतायत. अहो, थट्टा नव्हती!

आमच्या कोल्हापुरात दूध कट्टा असतो. म्हैस समोर उभी, मालक खाली धारेला बसलेला, गिऱ्हाईक हातात ग्लास घेऊन उभं, आणि धार थेट ग्लासात. कोमट, फेसासकट. बाहेरगावचा माणूस आ वासून बघत बसतो आणि आमची मंडळी दोन ग्लास मारून, मिशी पुसून कामाला जातात. मामांच्या चार म्हशी सकाळ-संध्याकाळ कट्ट्यावर जायच्या. त्यातली थोरली कलेक्टरीण. काळीभोर, भलीमोठी, शिंगं मागं वळलेली. मामा तिला अहो-जाहो करायचे. नाव असं का, तर ती कुणाचं ऐकत नाही आणि सगळे तिची वाट बघत उभे असतात.

तर म्हशीचं एक असतं. धार काढणाऱ्याचं चित्त ठिकाणावर नसलं की ती पान्हा चोरते. माणूस तोच, हात तेच, रेडकू समोर बांधलेलं, पण बाई दूध वर ओढून धरते. थेंब देत नाही. मामांचा स्वभाव मूळचा तापट. म्हणजे दर दोन दिवसांनी कलेक्टरीण रुसलेली आणि कट्ट्यावर गिऱ्हाइकं रिकामे ग्लास वाजवतायत. मग मामांनी यावर उपाय काढला. धारेला बसायच्या आधी मनातलं सगळं म्हशीला सांगून टाकायचं. मोठ्यानं! अख्ख्या कट्ट्यादेखत!

"कलेक्टरीणबाई, ऐका. काल पुतण्याच्या लग्नात समद्यास्नी फेटा बांधला, मला न्हाय बांधला. मागच्या खुर्चीत बसवलं. मला वाटत हुतं राग आलाय. तसं न्हाय. वाईट वाटलंय. लई वाईट वाटलंय. तुमचा काय दोष न्हाय त्यात. झालं. बसू का आता?"

आणि बसायचे. चर्र चर्र धारा सुरू! आजूबाजूचे हसायचे, टाळ्या द्यायचे, मामांना त्याचं काही नाही. घरी गोठ्यातही तेच. एकदा मी माडीवर कपडे वाळत घालत होते आणि खालून आवाज आला, "बाई, या घरात मला कुणी इचारत न्हाय." लगेच स्वयंपाकघरातून मामी, "इचारलं हुतं की! सकाळधरनं दोनदा इचारलं, आंगूळ कधी करणार म्हणून!" मी हसून हसून तिथंच बसले.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. 'कसंतरी होतंय' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "कसंतरी म्हंजे काय? राग हाय? भ्या हाय? लाज हाय? हेवा वाटलाय? नाव सांग. म्हशीला बी नाव असतंय."

गिऱ्हाइकांनाही सोडायचे नाहीत. एकदा एक पैलवानी अंगाचा माणूस बुलेटवरून आला. गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल. पहिला ग्लास एका दमात. दुसरा एका दमात. तिसऱ्यासाठी ग्लास पुढं केला आणि मामांनी हात थांबवला.

"पावणं, पयला तहानंचा, दुसरा चवीचा. तिसरा कुणाच्या रागात प्यायलाईसा?"

"तुम्हाला काय करायचंय? दूध काढा की."

"काढतो की. कुणाचा राग तेवढं सांगा, मग बादलीभर काढतो."

मला वाटलं, आता हाणामारी होणार. मी माझा ग्लास घेऊन दोन पावलं मागं सरकले. तो माणूस लालबुंद झाला, गॉगल काढला, मामांकडं बघितलं. आणि काय सांगू, तसाच कट्ट्यावर बसला! धाकट्या भावानं बोलणं टाकलं होतं. एकाच घरात राहून चार महिने शब्द नाही. अर्धा तास बोलत होता. उठताना मामांनी विचारलं, "तिसरा गलास देऊ?" तो म्हणाला, "नगं मामा, पोट डब्ब झालंय." आणि बुलेटला किक मारून गेला. पुढच्या आठवड्यात दोघं भाऊ एकाच बुलेटवर दूध प्यायला आले. धाकटा तर थोरल्यापेक्षा आडदांड निघाला.

मी हे सगळं मजेनं बघायचे आणि वर माझ्या खोलीत जाऊन गपचूप खायचे. खोटं कशाला बोलू?

माझी नोकरी होती पाणी शुद्ध करायच्या मशिनी विकणाऱ्या एका कंपनीत, तक्रारीच्या फोनवर. सकाळी नऊपासून लोकांचा राग कानात ओतून घ्यायचा आणि मंजुळ आवाजात म्हणायचं, "सॉरी सर, आपली गैरसोय झाली." उलट बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही. स्वतःचा मोबाईल ड्रॉवरमध्ये, कुलपात. दिवसभर गिळलेलं ते सगळं संध्याकाळी घरी यायच्या वाटेवर उसळायचं आणि मी त्याच्यावर भजी टाकायचे, फरसाण टाकायचे, केक टाकायचे. खाताना बरं वाटायचं. संपल्यावर दुप्पट वाईट.

पण ते वरवरचं. आतलं वेगळंच होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

खोली घ्यायच्या आधी चार महिने माझी आई गेली. कोडोलीला, आमच्या गावी, घरात, बसल्याजागी. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी ड्रॉवर उघडला तर आईचे दोन मिस्ड कॉल. सकाळपासून एका गिऱ्हाइकानं फोनवर पार झाडलं होतं. मी म्हटलं, करू निवांत, आधी खाऊन घेऊ. दोन वडापाव खाल्ले. भूक एकाचीच होती, दुसरा त्या गिऱ्हाइकाच्या नावानं खाल्ला. हात धुतले आणि वीस मिनिटांनी फोन लावला. उचलला शेजारच्या काकूंनी. मागं रडारड ऐकू येत होती.

हे मला आबांना सांगायचं होतं. आबा म्हणजे माझे वडील. आणि ते सांगता येत नव्हतं, एवढंच माझं दुखणं. तेराव्यानंतर मी कोडोलीला गेलेच नाही. तासाभराचा रस्ता, रोज शंभर गाड्या, पण नाही. आबा तिकडं एकटे हातानं थापून खात होते. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "जेवलीस का?" "हो. तुम्ही?" "व्हय." "गावाकडं कधी यायलीस?" "सुट्टी नाही आबा." फोन ठेवला की मी चप्पल घालून सरळ कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे.

आता मामा म्हणजे काही संत नव्हते हं! तेही सांगते. एकदा कलेक्टरीण आजारी पडली. तीन दिवस चाऱ्याला तोंड लावेना. डॉक्टर येऊन गेला, सुई झाली, तरी मान खाली. तिसऱ्या दिवशी दुपारी मामी गोठ्यात गेली तर मामा वैरणीच्या आड बसून पातेल्यातली बासुंदी ओरपतायत. मामांना शुगर! मामी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिळी भाकरी चालंल का वो?"

समोरच्या घरातली, शेजारची, सगळी माणसं हसली. मामांनी पातेलं खाली ठेवलं, मिशीची बासुंदी पुसली आणि ढसाढसा रडायला लागले. "भ्या वाटतंय गं. ही गेली तर मी काय करू?" मामी खाली वैरणीवरच बसली त्यांच्याशेजारी. दुसऱ्या दिवशी कलेक्टरीणीनं पेंड खाल्ली आणि मामांनी कट्ट्यावर स्वतःची बासुंदीची चोरी स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगितली.

मग माझी पाळी आली. श्रावण लागला होता. त्या दिवशी फोनवर एक माणूस मला म्हणाला, "बोलायचं कसं हे आईनं शिकवलं न्हाय का तुला?" मी म्हटलं, "सॉरी सर." संध्याकाळी अर्धा किलो जिलेबीचा खोका घेऊन घरी आले. मामा कट्ट्यावर निघायच्या तयारीत होते. खोक्याकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं.

"शिळी भाकरी चालंल?"

"मामा, आज नको! पाया पडते, आज नको!"

"म्हंजे न्हाय चालत. खोका हितं ठेव. कुठं पळून जात न्हाय तो, आन् मला तर शुगर हाय. भूक लागली की समदा खा. आदी धारंला बस."

मी आयुष्यात धार काढली नव्हती अशातला भाग नाही. कोडोलीची पोरगी मी. पण कलेक्टरीणीनं मला असं झिडकारलं! शेपटी सपकन तोंडावर, पाय उचलून चरवी लांब. मामांनी चरवी उचलून परत माझ्या गुडघ्यात दिली.

"बघ. कळलं तिला. काय हाय हातात तुझ्या?"

"कसंतरी होतंय."

"नाव सांग."

"राग! राग आलाय मला!"

"कुणाचा?"

"त्या फोनवरच्या माणसाचा."

"खोटं. त्याला तू वळकत बी न्हाईस."

आणि मग काय झालं मलाच कळलं नाही. मी म्हशीच्या पोटाला डोकं टेकलं आणि सगळं ओकले. दोन मिस्ड कॉल, दोन वडापाव, वीस मिनिटं, शेजारच्या काकू, सगळं. माझं संपल्यावर मामा म्हणाले, "लई जड हाय बाई हे. येवढं जड जिलेबीनं उचलत न्हाय."

मी रडत होते. मामांनी उगी उगी केलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. शेजारी उकिडवे बसून राहिले फक्त. नंतर ते स्वतः धारेला बसले. कलेक्टरीणीनं त्यांनाही थेंब दिला नाही. मामा तसेच कट्ट्यावर गेले आणि जाहीर केलं, "आज कलेक्टरीणबाई रजेवर हाईत!" जिलेबीची मला सकाळी आठवण झाली. मुंग्यांनी फन्ना उडवला होता.

एका दिवसात मी सुधारले असं मात्र समजू नका. त्यानंतरही खाल्लं, पुष्कळदा खाल्लं. मामा रागवायचे नाहीत. "खाल्लंस? बरं. कशापायी खाल्लंस ते कळलं का? कळलं? मग आजच्यापुरतं झालं." पण रोज संध्याकाळी माडीवर जायच्या आधी मी गोठ्यात थांबायला लागले. कलेक्टरीणीला दिवसाची नावं सांगायची. आज लाज वाटली, आज हेवा वाटला, आज आईची आठवण आली. ती रवंथ करत कान हलवायची. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मामींना विचारलं म्हणे, ती माडीवरची बाई गाव सोडून गेली काय?

मामांचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. एक दिवस म्हणाले, "म्हशीला सांगून भागायचं न्हाय हे. तुझा बाप तिकडं कोडोलीत बसलाय. पाडव्याला म्हशी पळवायच्यात. त्यास्नी बोलाव."

"मला नाही जमणार सांगायला."

"सांगू नगंस. म्हस तर बघंल बिचारा."

मी फोन केला. आबांनी तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "येतो की."

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात, हे ज्यानं बघितलं नाही त्यानं काय बघितलं? आठ दिवस आधीपासून तयारी! म्हशी भादरून, तेल लावून तुकतुकीत काळ्या केलेल्या. शिंगं रंगवलेली, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत घुंगरं. मालक पुढं मोटारसायकलवर, गाडीचा सायलेन्सर काढलेला, फटाफट फटाफट आवाज, आणि मागं म्हैस धावत येते. दावं नाही, काठी नाही, फक्त मालकाच्या हाकेवर! हाक ओळखीची नसली तर म्हैस जागची हलत नाही आणि मालकाची वर्षभर चेष्टा होते.

आणि पाडव्याच्या सकाळी मामांचा आवाज गेला.

आठ दिवस सराव करून करून, ओरडून ओरडून, पार बसला. तोंड उघडलं की नुसती हवा. ज्या माणसाचा आवाज बोळाच्या टोकाला पोचायचा त्याला मामीला "चा टाक" सांगता येईना! मामी म्हणाली, "देवा, एक दिवस तरी शांतता दिलीस." मग मामांचं तोंड बघून तिनं हळद घालून दूध तापत ठेवलं. बावीस पाडवे मामांची म्हैस पळाली होती, एकही चुकला नव्हता.

मामांनी माझ्याकडं बोट केलं.

"मी? मामा, डोकं फिरलंय का तुमचं?"

मामा घोगरं कुजबुजले, "तुझा आवाज वळखती ती. रोज ऐकती."

मी नाही म्हणणार तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी आबा दिसले. खांद्याला कापडी पिशवी, डोक्यावर धुतलेली टोपी. किती वाळले होते! सदरा खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवर लोंबत होता. मला गलबलून आलं. त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" मी नुसती मान हलवली आणि मामांच्या गाडीवर मागं जाऊन बसले. सरळ सांगायचं तर आबांपासून पळाले मी.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी! हलगी कडाडत होती, गुलाल उडत होता. आमचा नंबर आला. मामांनी गुलाबी फेटा घट्ट केला, गाडीला किक मारली, फटाफट फटाफट! मी मागं वळून कलेक्टरीणीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "कलेक्टरीणबाई... या ना."

सगळा रस्ता खो खो हसला. "ताई, चहाला बोलवायलाईसा काय?" कलेक्टरीण ढिम्म. मामांनी मान वळवली आणि उरलासुरला आवाज गोळा करून म्हणाले, "आपिसात न्हाईस तू! वरड!"

आणि मी ओरडले.

"हाऽऽय कलेक्टरीण! चल गंऽऽऽ!"

आई शप्पथ, तो आवाज माझ्यातनं कुठनं आला मला माहीत नाही! दीड वर्षाचं सगळं "सॉरी सर" त्यात होतं. कलेक्टरीणीनं कान टवकारले, मान वर केली आणि सुटली! घुंगरं खळाखळा, कवड्या उडतायत, मोरपिसं मागं वाकलेली, एवढं मोठं धूड आणि पाय जमिनीला लागत नाहीत! मी ओरडतेय, ती पळतेय, मामा गाडीवर वाकलेत, लोक शिट्ट्या मारतायत, "नाद खुळा! नाद खुळा!" माझी ओढणी उडाली, केस सुटले, डोळ्यांतनं पाणी वाहतंय आणि मी हसतेय. नदीच्या बाजूला वळण घेऊन घाटावर गाडी थांबली तर बाईसाहेब येऊन माझ्या पाठीवर नाक घासून उभ्या. फूं फूं गरम श्वास. मी तिच्या गळ्यात पडले.

मामी आणि आबा गर्दीतनं वाट काढत आले. आबा हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. आमची गाडी अजून फटफटत होती, काही ऐकू येत नव्हतं, म्हणून ते माझ्या कानाशी येऊन ओरडले, "तुझी आई शिवारातनं अशीच हाक मारायची!"

झालं. गळा मोकळा झालाच होता, आता तो बंद होईना. मीही ओरडूनच सांगायला लागले. "आबा, आईचे दोन फोन आले होते त्या दिवशी! मी बघितले होते! मी उलट फोन केला नाही!" आबांनी कानाला हात लावला. ऐकू येत नव्हतं त्यांना. मी जीव खाऊन ओरडले, आणि नेमकी तेव्हाच मामांनी गाडी बंद केली.

"मी आधी वडापाव खाल्लाऽऽ!"

अख्खा घाट शांत. पन्नास माणसं वळून बघायला लागली. गर्दीतला एक जण दिलासा दिल्यागत म्हणाला, "असू दे की ताई, आम्ही बी खाल्लाय." मामींनी त्याच्याकडं असं बघितलं की तो मोरपिसं मोजायला लागला.

मग मी हळू आवाजात सगळं सांगितलं. आबा ऐकत होते. कलेक्टरीणीच्या मानेवरून हात फिरवत होते. माझं झालं आणि मला वाटलं, आता हे वळून चालायला लागतील, सरळ कोडोलीच्या गाडीत बसतील.

"ती फोन कशाला लावत हुती, ठावं हाय?" आबा म्हणाले.

मी नाही म्हणून मान हलवली.

"तू जेवलीस का, इचारायला. सकाळधरनं एकच घोकत हुती, पोरीचा आवाज उतरलाय, जेवत न्हाय जणू वेळेवर. दोनदा लावला, उचलला न्हाईस, तर म्हणाली, जेवत असंल, जेवू दे. आन् मला वाढाय बसली." आबांनी टोपी काढली, परत घातली. "जेवत हुतीस नव्हं तवा? मग तिला जे पायजे हुतं तेच करत हुतीस."

"पण बोलणं राहिलं, आबा."

"राहिलं. ते खरं हाय. तुझं राहिलं. मी बोललो, तर काय बोललो? आमटी अळणी झालीया म्हणालो. हेच माझं शेवटचं. तवापास्नं मी वरनं मीठ घेतलं न्हाय."

मी आबांच्या छातीला डोकं लावलं. आम्ही दोघंही रडलो, गुलालात, हलगीच्या आवाजात, म्हशीच्या आडोशाला. कुणी रोखलं नाही. मामा जरा लांब तोंड फिरवून उभे होते आणि फेट्याच्या शेमल्यानं नाक पुसत होते.

कितीतरी वेळानं ते जवळ आले. आवाज नव्हताच. ओठ हलवून, नुसत्या हवेत विचारलं, "शिळी भाकरी चालंल?"

आणि मला तेव्हा कळलं, मला भूक लागलीय. पोटात खड्डा पडला होता. जिलेबीची नाही, भज्यांची नाही, काहीही चालेल अशी भूक.

"चालंल की मामा! पण इथं कुठली शिळी भाकरी?"

"हाय की माझ्याजवळ," आबा म्हणाले आणि कापडी पिशवी उघडली. फडक्यात बांधलेल्या चार भाकरी, कालच्या, त्यांच्या हातच्या. जाड, वाकड्या, एका अंगानं करपलेल्या. दिवाळीत लेकीकडं फराळ घेऊन जातात, तर यांना तेवढंच येत होतं.

आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो. मामींनी कुठूनतरी कांदा आणि पुडीत मीठ आणलं. मी भाकरी मोडली आणि खाल्ली. कडक होती, दातांत अडकत होती. मी दीड भाकरी खाल्ली आणि थांबले, कारण पोट भरलं होतं.

आबांनी गुडघ्यावर ठेवून कांदा फोडला. पुडीकडं जरा बघितलं. मग चिमूटभर मीठ घेतलं आणि आपल्या भाकरीवर भुरभुरलं.